एका पाड्यावरचा माझा शेरा

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. धडगावात ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तिथं मला ओळखणारंच कुणी नव्हतं. मी शहाद्याकडची, सपाटीवरची, केळी-उसाच्या घरातली. आरोग्याच्या एका संशोधन प्रकल्पात डोंगरातल्या आशाताईंना टॅब शिकवायचं काम मिळालं, म्हणून बाजारामागं खोली घेऊन राहिले. घरोघर जाऊन गरोदर बायकांच्या बोटाला टोचायचं, रक्त किती ते मशीनवर बघायचं आणि टॅबमधल्या फॉर्मात भरायचं, एवढं त्यांना शिकवायचं होतं. त्यातल्याच काहींना पुढं ही माहिती स्वतः वाचायला, तिच्यातून प्रश्न काढायला शिकवायचा बेत होता.

काम आवडायचं. खोली मात्र खायला उठायची. लोक आपसात त्यांच्या पावरी बोलीत हसतखिदळत बोलायचे आणि मी जवळ गेले की ऑफिसची मराठी सुरू. दिवसभर कानावर अर्जाची भाषा. संध्याकाळी आईचा फोन यायचा, "काय करी ऱ्हायनी वं? जेवनी का?" दिवसभरात घरच्या अहिराणीतलं तेवढंच. मी "हो" म्हणून फोन ठेवायचे.

एक आशाताई तेवढी वर्गाच्या दिवशी दुपारी डबा घेऊन माझ्या खोलीवर यायची. लांबच्या पाड्यावरची, माझ्याच वयाची. बोलायची कमी, पण वर्गात सगळ्यांच्या पुढं. फॉर्ममधली चूक पहिल्यांदा तिनंच दाखवली: नवरा कामाला गुजरातेत गेला असेल, तर ते लिहायला जागाच नाही. शहरातल्या तज्ज्ञांना जे सुचलं नाही ते हिला सुचलं, म्हणून मी हरखून गेले. पुढच्या शिक्षणासाठी माझ्या मनात तिचंच नाव पक्कं होतं.

मग एके दिवशी तिच्या पाड्याचा नकाशा माझ्या लॅपटॉपवर उघडला. फॉर्म उघडला की टॅब जागेची नोंद आपोआप घेतो. बाकीच्या गावांत ठिपके घरोघर पसरलेले होते. तिच्या पाड्यातले सगळे एकावर एक, एकाच जागी. हातच्या काकणाला आरसा कशाला! कुठल्याच घरी न जाता एका जागी बसून हिनं फॉर्म भरलेत, असं मी ठरवून टाकलं. मला फार राग आला, आणि त्या रागात निम्मं दुःखच होतं. जिच्यासोबत जेवते तिनंच फसवावं? तिला एका शब्दानं न विचारता मी शेरा लिहिला, 'माहिती घरी बसून भरलेली दिसते', आणि वर पाठवून दिला.

आठवड्याभरात तिला टॅब जमा करायला सांगण्यात आलं. तिनं तो पुसून, रुमालात गुंडाळून ऑफिसात आणून दिला आणि माझ्या खोलीकडं न फिरकता परत गेली. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हटलं. त्या दिवशी एकटीच जेवले. त्यानंतर नेहमीच.

उन्हाळ्यात त्या पाड्याची पडताळणी करायला मलाच पाठवलं. जीप थांबते तिथून पुढं चालत गेले. पोचल्यावर मोबाइलवर हजेरी टाकायची असते, तर रेंजच नाही. एका बाईला विचारलं. तिनं बोटानं टेकडी दाखवली. धापा टाकत वर चढले, तेव्हा कुठं फोनमध्ये जीव आला. हजेरी टाकली आणि पडद्यावर नकाशा उघडला. मी त्याच ठिपक्यावर उभी होते.

"रेंज असेल तिथंच फॉर्म उघडा, नाहीतर भरलेलं सगळं उडून जाईल," असं प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मीच सगळ्यांना दरडावून सांगितलं होतं. टेकडीवर मला ते आठवलं.

खाली आले तर ती अंगणात आमचुरासाठी कैऱ्या कापत बसली होती. उठून तिनं मला पाणी दिलं. मग आतून एक वही आणली. एकेक घर, नावं, रक्ताचे आकडे, तारखा. घराघरात जाऊन वहीत लिहायचं आणि मग टेकडी चढून तेच टॅबमध्ये भरायचं, असं तिनं महिनाभर केलं होतं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ओढ्यापलीकडच्या बायांचं रक्त जास्त कमी. का? हा 'का' तिला कुणी शिकवला नव्हता, आणि आमचा सगळा प्रकल्प तर त्याच्यासाठीच होता.

"तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मॅडम," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी मला येतं.

मी माफी मागितली. वहीच्या पानांचे फोटो काढले, सगळं निस्तरते म्हणाले. लांबलचक पत्र लिहिलं आणि चूक माझी आहे, असं त्यात तीनदा लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. संशयास्पद नोंदी वगळून काम पूर्ण झालं आहे, तेवढ्यानं निष्कर्षात फरक पडत नाही. सोबत शेवटचा नकाशा होता. जिथं रक्त कमी, तिथं लाल रंग, बाकी सगळं पांढरं. तिच्या पाड्याची जागा पांढरी.

महिन्याच्या बैठकीला ती धडगावात आली तेव्हा मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. पुढच्या शिक्षणाच्या यादीत तिचं नाव नाही, हेही सांगायचं होतं, पण त्याबद्दल तिनं विचारलंच नाही. मी दिलेला नकाशाचा कागद तिनं हातात घेतला. नकाशा वाचायला तिला मीच शिकवलं होतं. तिनं पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"म्हणजे हे बघणाऱ्याला वाटेल, आमच्या पाड्यात कुणाचंच रक्त कमी नाही?"

काहीतरी बोलून मला वेळ मारून नेता आली असती. पण तिच्यापुढं आणखी एक खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"हो," मी म्हणाले.