अण्णाचा नंबर

अण्णाला कुणी "काय, बरं हाय का?" विचारलं, की तो स्वतःची तब्येत सांगत नसे; पोराचा नंबर सांगे. "आठराशेवर हाय गड्या, जगात." मगच चहा. पोरगा टेनिस खेळायचा आणि पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत त्याचं नाव होतं. तळाला, पण होतं.

मी आणि अण्णा विट्याजवळच्या एकाच गावचे. सोनं गाळायच्या धंद्यासाठी एकाच गाडीनं परमुलखात गेलो. मी दुकानं वाढवली. घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीही घेतली नाही. अण्णानं होतं ते एक दुकान विकलं, सांगलीत खोली घेतली आणि पोराची कोर्टावर ने-आण करत बसला. दोघांत शहाणा कोण, हे उघड आहे. तरी जत्रेत कुस्त्यांचा फड सुरू करणाऱ्याचा मानाचा फेटा त्याच्या डोक्यावर. कुस्त्यांची बक्षिसं मी द्यायची आणि फेटा त्याला!

मी पंचांपुढं सरळ सौदा मांडला, "बक्षिसं वाढवतो. फेटा मला बांधा."

"आवं बापू, दुकानं लय जणांची हायती. जगात नंबर त्याच्या पोराचाच हाय."

गावाला त्या नंबरातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरगा चौदाशेवर आला तेव्हा एका पंचानं अण्णाची समजूत घातली, "चारशेनं उतरलं व्हय? आसूं द्या, पुढल्या साली वाढंल." अण्णा पोट धरून हसला. मला ते सांत्वन फार आवडलं होतं.

मग नियम बदलले. धंदेवाईक टेनिसमधल्या सगळ्यात खालच्या स्पर्धांचे गुण जागतिक क्रमवारीत धरणं बंद झालं. त्यांची यादीच वेगळी काढली. पोरगा तसल्याच स्पर्धा खेळायचा. मैदानावर काही घडलं नाही, पण जगाच्या यादीतून नाव गेलं. मी मुद्दाम सांगली गाठली.

"काय अण्णा, बरं हाय का?"

"काटा बदलला रं," तो म्हणाला. "सोन्याचा कस हाय त्योच हाय." आणि चहा सांगितला.

त्या जत्रेत फेटा मला आला. बांधणाऱ्याला तो जमेना, तेव्हा अण्णा गर्दीतून उठून आला. "सर बाजूला, ह्यो माझा गडी हाय," म्हणत त्यानं कापड हातात घेतलं. मी त्याचं तोंड निरखत होतो. इतकी वर्षं मी जळत आलो. एक दिवस तरी त्यानं जळावं, एवढंच मागणं होतं.

"मान हलवू नगंस. लय झाक दिसतुयास," तो म्हणाला. खोटं नव्हे, खरंच खूश होता. असला संताप मला धंद्यातसुद्धा कधी आला नाही.

नियमवाल्यांनी लवकरच माघार घेतली. गुण पुन्हा धरले गेले, पोराचं नाव यादीत आलं, फेटा अण्णाकडं गेला.

आता अण्णाही गेला. पोरानं स्पर्धा सोडल्या. सांगलीत मुलांना शिकवतो. यंदा पंचांनी आपणहून मला बोलावलं. फेटा बांधला, नारळ फुटला, हलगी कडाडली आणि माझी मान सवयीनं अण्णाच्या जागेकडं वळली, तोंड बघायला. तिथं भलताच कुणीतरी शेंगा खात बसला होता.

दुसऱ्याच कुस्तीला फेटा सुटून खांद्यावर आला. अण्णानं बांधलेला घरी जाऊन झोपेपर्यंत हलला नव्हता. पीळच तसा द्यायचा, लेकाचा.