गुरुजींचा कम्प्युटर सुरूच होईना

आमचे हे कळंबला घराच्या समोरच्या खोलीत कम्प्युटर दुरुस्त करतात. त्यामुळं असे किस्से माझ्याकडं देवघरातल्या निर्माल्यासारखे रोज साचतात. कुठंही टाकवत नाहीत! त्यातलाच हा एक.

*

संकष्टीची दुपार. शेजारच्या सुनंदाताई कम्प्युटरचा डबा लाल जरीच्या कापडात गुंडाळून, लेकरू आणावं तसा घेऊन आल्या. त्यांचे मिस्टर, म्हणजे आमच्या गल्लीचे गुरुजी, मागच्या वर्षी गेले. गुरुजींच्या आवाजातला हरिपाठ होता तो फक्त ह्या डब्यात.

ढाणकीहून सुनंदाताईंचा भाऊ आला होता. "ताई, लय स्लो झाला हा. नवीन सिस्टीम टाकून देतो," म्हणाला. टाकता टाकता मशीन मध्येच बंद झालं, ते पुन्हा उठलंच नाही.

"आवाज पुसला त नसन ना, भाऊ?" सुनंदाताईंनी ह्यांना विचारलं.

ह्यांनी नुसताच चष्मा पुसला. हे चष्मा पुसायला लागले की मला फार भीती वाटते!

*

ह्यांनी बटण दाबलं. डब्यातला पंखा फिरला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच पांढरी ओळ आली. सुनंदाताईंनी तिलाही हात जोडले!

"काय म्हणते ते?"

"म्हणते, सुरू व्हायले सिस्टीमच सापडून नाही राह्यली."

"अन् आमचे गुरुजी?"

"ते डिस्कवर असतीन, ताई."

"डिस्कवर कायले? वैकुंठात आहेत ते!"

*

मी मनातल्या मनात आमच्या कळंबच्या चिंतामणी गणपतीला बोलले, आवाज सापडू दे, पुढची चतुर्थी निर्जळी करीन. मनातलं तोंडून निघालंच.

हे म्हणाले, "पहिले आजची त निभू दे! नाहीतर तुहाच पडदा काळा होईन!"

*

ह्यांनी नवीन सिस्टीम टाकायचा आपला पेनड्राइव्ह लावला. तीच ओळ. केबल बदलली, रॅमची पट्टी पुसून बसवली. तीच ओळ! सुनंदाताईंच्या हातातल्या पदराची पिळून पिळून दोरी झाली.

मी डब्याला कुंकू लावायला मागं वाकले, तर जाळीजवळ लाल ठिणगी लुकलुकत होती.

"अहो, जळून राह्यलं!"

ह्यांनी झटक्यात प्लग उपटला. टॉर्च लावून पाहिलं, तर मागच्या खाचेत नखाएवढा दुसराच पेनड्राइव्ह! लाल दिवा त्याचाच होता.

"आरत्यांचा आहे," सुनंदाताई हळूच म्हणाल्या. "गुरुजींनी लावलेला. त्यांच्या हातचा, म्हणून मी काढलाच नाही."

भावानं सिस्टीम टाकताना मशीनला आधी पेनड्राइव्हमध्ये बघायला लावलं होतं, म्हणून ते आधी ह्यातच सिस्टीम शोधत होतं अन् तिथंच अडत होतं.

"ताई, आरती झाल्याशिवाय हे पुढं सरकतच नाही!" हे म्हणाले. पण काढायचा धीर ह्यांनाही होईना. शेवटी ताईंनीच नमस्कार करून तो काढला.

*

ह्यांनी प्लग पुन्हा लावला आणि पडदा उजळला. जुनी सिस्टीम पुसली गेली होती. हे पुढचं एकेक वाचत होते, माझा जप सुरू होता, सुनंदाताई डोळे मिटून बसल्या होत्या.

"ताई, आवाज ज्या डी ड्राइव्हवर आहे, त्याले धक्का नाही लागला."

नवीन सिस्टीम टाकून ह्यांनी हरिपाठाची फाइल लावली. आधी खोकला. मग टाळ. मग गुरुजींचा आवाज, अगदी समोर बसल्यासारखा! दोन ओळी झाल्या नाहीत तोच ते मध्येच ओरडले, "सुनंदे, मिक्सर बंद कर व! मी रेकॉर्डिंग करून राह्यलो ना!"

सुनंदाताई ताडकन उठल्या, आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आमच्या मिक्सरचा प्लग काढून आल्या.