शेजारणीचा कुणगा

डिसोझा सर गेल्याचं मला कुडाळच्या बसस्थानकावर कळलं. मैत्रिणीचा फोन होता. "सर गेले गो…" एवढंच ती म्हणाली. त्याच दिवशी मी त्यांना फोन करणार होते. आमच्या मळ्यातल्या सगळ्यांनी यंदा वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, लावायचं कबूल केलं होतं. तेवढं ऐकायला सर दुखण्यातही थांबले होते, असं मला वाटतं; ते सांगायचं राहून गेलं.

सर आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. धरणाचं पाणी केव्हा सोडलं तर शेतकरी कोणतं पीक घेतील, याचं मॉडेल ते संगणकावर तयार करत होते. त्यावरून आमच्या गावचा पाट चालू ठेवायचा की बंद करायचा, हे एक समिती ठरवणार होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरोघर जाऊन माहिती आणायचं काम सरांनी दिलं, तेव्हा जमेल का, ही धास्ती होती. मॉडेलचं पहिलं उत्तर आलं: या गावाला उन्हाळ्यात पाणी नको आहे. पाणी तर आम्हाला हवं होतं; मी ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचत राहिले. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "उद्या तुमच्याकडे येतो. अहवाल थांबू दे."

वर्गात छापील मराठी बोलणारे सर मूळचे मालवणचे. आमच्या दारापुढच्या खळ्यात बसून त्यांनी आईला विचारलं, "पाणी इला तर वायंगण करतलात मां?" आई म्हणाली, "काशीन केल्यान तर करीन." शेजारची काशीकाकी बांधावरूनच ओरडली, "आणि हिणां केल्यान तर मी!" पावसाळी भात कापून झालं की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात. "एकटीचा भात उभा ऱ्हवला, तर अख्ख्या गावच्या गुरांची पंगत माझ्याच शेतात," आई म्हणाली. सर हसत सुटले. "म्हणजे तुम्ही दोघी एकामेकीच्या तोंडाकडे बघीत ऱ्हवतलात, आणि पाणी जातला दर्याक!"

तोवर मॉडेल प्रत्येक शेतकऱ्याला एकटं धरून चाललं होतं. सरांनी ते मोडून पुन्हा मांडलं. प्रत्येकाचा निर्णय शेजाऱ्याशी जोडला, गुरं बांधली तर काय, तेही घातलं. दुखणं वाढलं होतं, तरी अंथरुणातून ते मला दुरुस्त्या सांगत… समितीने मानलं: सगळा मळा एकत्र लावणार असेल, तर एक उन्हाळा पाणी देऊन पाहू. पण लोक खरंच एकत्र येतील का, हे मॉडेल सांगू शकत नव्हतं. सरांना तेच पाहायचं होतं.

परवा पाटाला पाणी आलं. आमचा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, वरच्या अंगाला. पाणी आधी आमचं. आई खोरं घेऊन वाकली आणि थांबली. "काशीचो कुणगो आधी भरांदे. तिचो तरवो सुकता." खालच्या अंगाला काशीकाकीची भाताची कोवळी रोपं पिवळी पडली होती.

सरांच्या खोलीतल्या संगणकावर यंदाची माहिती आता मी भरते. कोणी काय लावलं, पाणी किती घेतलं, गुरं कोणी बांधली… सगळ्याला रकाना आहे. आईने पाणी पुढे सोडलं, ते कुठे लिहायचं? सरांनी नवा रकाना उघडून दिला असता. मी तो उघडला आहे. त्याला नाव काय द्यायचं, ते अजून सुचत नाही.