दुसऱ्या रकान्यातली जात
पोस्टात लाकडी खणांत पत्रं टाकताना कुणी दिसलं, की मला अकोल्याची जनगणना कचेरी आठवते. आम्ही बौद्ध होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि मला तिथं तात्पुरती नोकरी लागली होती. मोजणीच्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून भर उन्हाळ्यात पंखे बंद असत. माणशी एक अशा त्या चिठ्ठ्या आम्ही आधी धर्माच्या रकान्यावरून तशाच खणांत लावायचो, मग त्यातल्या त्यात जातीवरून. एका बाईच्या चिठ्ठीवर धर्म बौद्ध होता आणि पुढे जुनी जातही लिहिली होती. बौद्धांत जातीचा खणच नव्हता. जात आधी धरावी, तर चिठ्ठी हिंदूंत जाई, कारण त्या जातीचा खण तिथंच होता. शिवाय तेव्हा सवलती जातीवर मिळत, बौद्धांना नाही. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "मले काहून विचारून राहिला? तूच सांग, तुमच्यात कसं असते?" मी चिठ्ठी बाजूला ठेवली. संध्याकाळी आईला विचारलं, "मोजणीवाल्याले तू काय सांगितलं वं?" ती म्हणाली, "धर्म इचारला, तं बौद्ध सांगतला. मंग जात इचारली, तं तेबी सांगतली. काहून, चुकलं का?" मी नाही म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी बौद्धांत टाकली. त्या बाईला काय हवं होतं, याचा उलगडा मला अजून होत नाही.