एकशे ब्याण्णवचा आकडा

माझा मामा नाकावर माशी बसू देत नाही, आणि कानांबद्दल तर एक अक्षर खपवून घेत नाही. लोकांच्या घरी गाण्याची यंत्रं आणि स्पीकर बसवून द्यायचे, हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. "डॉक्टर नाडी बघतात, मी आवाज ऐकतो," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. आम्ही भाचरं मागे त्याची नक्कल करायचो.

गेल्या महिन्यात त्याने व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंकडे इंटरनेटवरून गाणी वाजवणारं नवं यंत्र बसवलं. सोबत मी होते. अपसॅम्पलिंग, म्हणजे गाण्याचे सेकंदाला नमुने वाढवून वाजवणं, त्याने थेट एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झवर नेलं. यंत्रावर हिरवा आकडा उमटला तसे मामाने डोळे मिटले. "वा! काय स्वच्छ!"

बाईंच्या कपाळावर आठ्या. "वरचे सूर खरखरतात हो. व्हायोलिन असं रडत नाही."

"बाई, एकशे ब्याण्णव आहे! आता याहून काय आणू?"

आठवड्याने बाईंचा फोन आला, यंत्र घेऊन जा. मामाचं तोंड एवढंसं झालं.

घरी आणून टेबलावर मांडलं. मी त्यात बाईंच्या गाण्यांच्या खात्याची सेटिंग्ज उघडली आणि कपाळाला हात लावला. खातं नवं, गाण्याचा दर्जा अजून 'डेटा बचत'वरच. म्हणजे येत होतं सगळ्यात हलकं गाणं, आणि मधल्या जागा स्वतःच्या अंदाजाने भरून यंत्र त्याचंच एकशे ब्याण्णव करून दाखवत होतं. पाणी घालून पातेलं भरलं म्हणून दूध वाढत नाही, हे मामाच गिऱ्हाइकांना सांगायचा. स्वतः मात्र आकड्याला भुलला.

मी दर्जा वर नेला, अपसॅम्पलिंग बंद केलं, तेच गाणं लावलं. मामा कान देऊन बसला. मग मी पुन्हा खाली नेलं, पुन्हा वर.

"अगं, लाव की आता वरचं," तो म्हणाला.

वरचंच चालू होतं. मला रडूच आलं.

मामी दारात उभी होती. "अहो, कपडे धुवायच्या मशीनची शिट्टी दोन वर्षं झाली तुम्हाला ऐकू येत नाही. मीच उठते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? कानांवर तर तुमचं सगळं."

आता भडकणार, असं मला वाटलं. पण तो यंत्राच्या वायरी गुंडाळायला लागला.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो बाईंकडे निघाला, तेही मामीला घेऊन. "बाई, मी आकडा पाहिला, आवाज तुम्ही ऐकलात. चुकलो." यंत्र पुन्हा जोडलं, दर्जा वरच ठेवला, मामीला मधल्या खुर्चीत बसवलं आणि स्पीकर बोटभर सरकवत दर वेळी विचारू लागला, "आता?"

मामीला त्या आकड्यांतलं काही कळत नाही. "अंहं. जरा डावीकडे. हं, आता गोड लागतंय." बाईंनी मान डोलावली. मामाने जमिनीवर पेन्सिलने खूण केली.

जिना उतरताना त्याने हळूच विचारलं, "मशीनची शिट्टी कशी वाजते गं?"

मामी पायरीवर थांबली आणि आपल्या भरड आवाजात तिने ती अख्खी शिट्टी वाजवून दाखवली.

"बरी आहे की," मामा म्हणाला.