आजारी भाकरी

मुलांच्या वॉर्डात नोकरी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. कुणी नुसतं इंजेक्शनचं नाव काढलं तरी माझा एखादा सुरू होतो, आणि आमची मंडळी म्हणतात, "झालं! आता चहा गार होणार!"

सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका इस्पितळात मी नवाकोरा डॉक्टर होतो. वॉर्डात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकलेली पोरं. त्यांचं हृदय, त्यांची किडनी आम्हाला थोडीफार कळायची. डोक्यात काय चाललंय ते मात्र देवाला ठाऊक!

*

बजरंग मेढ्याकडचा. हृदयाची झडप बिघडलेली, त्यामुळे पळायला बंदी. तो सगळा राग गोळ्यांवर काढायचा. तोंडात घातली की थू! सुलोचना सिस्टरनी शेवटी हात जोडले, तेव्हा पठ्ठ्यानं अट घातली, "वडलांवानी मला बी बढती पायजे!"

वडील फौजेत हवालदार. मग काय, गोळ्या नीट घेतल्या की बढती! शिपायाचा नाईक, नाईकाचा हवालदार, असं करत स्वारी थेट सुभेदार झाली.

पुढं वडील सुट्टीवर आले आणि वॉर्डात भेटायला आले. हा उशीला टेकून म्हणतो, "हवालदार, सॅल्यूट कुणी मारायचा?"

वडलांनी एकवार सिस्टरांकडं पाहिलं, टाचा जुळवल्या आणि खाडकन सॅल्यूट ठोकला!

*

शेजारच्या कॉटवर हौसा. वडूजच्या पुढच्या माळावरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. किडनीच्या दुखण्यानं डोळे मिटतील इतका चेहरा सुजलेला. औषधं चालू, आणि मीठ बंद. भाजी अळणी, डाळ अळणी, सगळंच अळणी.

पहिल्या दिवशी एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. "ही भाकर आजारी हाय! आदी हिलाच सुई द्या!"

सिस्टर हसल्या, मीही हसलो. ताट मात्र तसंच परत गेलं.

*

काही दिवसांनी हौसा जेवायला लागली, पण रडत. सुई टोचताना डोळ्यांत टिपूस नाही, रक्त काढताना नाही. ताट आलं की गंगा-यमुना सुरू! भिंतीकडं तोंड करून रडायची आणि रडत रडत जेवायची.

वडील बिरूअण्णा दर रविवारी यायचे. त्यांना हे बघवेना. "आवं डाक्टर, कळपातनं तोडल्यालं कोकरू जगतंय व्हय? हिकडं पोरगी झुरून मरायची. पुढल्या आयतवारी घरला न्हेतो."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, औषध अर्धवट सोडलं तर सूज पुन्हा चढेल आणि पोर हातची जाईल. त्यांनी ऐकून घेतलं, पटका डोक्यावर नीट केला आणि म्हणाले, "आयतवारी येतो."

मला त्या मुलीची फार काळजी वाटायची. त्या आठवड्यात तर अभ्यासाचं पुस्तकही उघडवेना.

*

म्हणून पुण्याहून मनाचे डॉक्टर बोलावले. त्यांनी बॅगेतून शाईचे डाग पडलेले कागद काढले. आधी बजरंगला दाखवला एक.

"यात तुला काय दिसतं, बाळ?"

"डाग."

"नीट बघ. अजून काय?"

"लय मोठा डाग! साबण लावा की!"

मग हौसाची पाळी. "घरची आठवण येते?"

"येती की."

"म्हणून रडतेस का?"

"न्हाई."

"मग कशासाठी रडतेस?"

हौसानं त्यांच्याकडं असं बघितलं, की कसला हा मास्तर, एवढंही कळत नाही!

जाताना डॉक्टर मला म्हणाले, "मुलीला खोल दुःख आहे. जेवताना तिला आनंदात ठेवा."

*

मग काय, ताट आलं की आमचा तमाशा सुरू! मी माउथ ऑर्गन वाजवायचो, सिस्टर टोपी उलटी घालून नाचायच्या, सुभेदार बजरंग बसल्या जागी कवायतीचे हुकूम सोडायचा. हौसा खदाखदा हसायची. डोळे कोरडे ठणठणीत!

आणि घास एकही खायची नाही.

सिस्टर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "डॉक्टर, ही रडत होती तेच बरं होतं की हो!"

*

रविवार उजाडला. बिरूअण्णा आले. ताट भरलेलंच होतं, आणि त्यांनी हौसाचं गाठोडं बांधायला घेतलं. मी पुन्हा सगळं समजावलं. हौसा एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती.

गाठोडं हातात घेऊन बिरूअण्णा कॉटवर मटकन बसले. "हितं ऱ्हायली तर खाईना, घरी न्हेली तर औशिद न्हाई. मी बापानं करावं तरी काय?" एवढा धिप्पाड माणूस, हुंदके द्यायला लागला. मिशीपर्यंत पाणी आलं, तसा डोक्यावरचा पटका काढून ते गाल पुसायला गेले.

"आबा, पुसू नगा! थांबा!"

हौसानं ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, तो वडलांच्या गालावरून वरपासून खालपर्यंत फिरवला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला.

"आता लागतीया चव," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.

बिरूअण्णांनी गाठोडं खाली ठेवलं आणि दुसरा गाल पुढं केला.