घुबडाचा दुसरा डोळा

सगळी गल्ली तिला टाकूनकोताई म्हणायची. कुणी अंड्यांचा रिकामा ट्रे घेऊन कचऱ्याच्या पिंपाकडे निघालं की गॅलरीतून हाक यायचीच, "अहो, टाकू नका! इकडे द्या!" सुरुवातीला लोक हसले. मग सवय झाली. मग तिच्या दारात आपणहून पिशव्या येऊन पडायला लागल्या.

निम्मं आयुष्य तिने पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात काढलं होतं. सकाळी स्वतःच्या हाताने घडी घालून चिकटवलेलं खोकं संध्याकाळी घरी जाताना गटाराच्या कडेला भिजत पडलेलं दिसायचं. ते तिच्या मनाला लागायचं. स्वतःचं मूल नव्हतं. नोकरी संपल्यावर तिने वाचनालयाच्या मागची, मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली मागून घेतली, झाडूनपुसून स्वच्छ केली आणि दर शनिवारी दुपारी मुलांना बोलवायला लागली. टूथपेस्टच्या खोक्याची आगगाडी, फाटक्या मोज्याचा ससा, बाटल्यांच्या झाकणांचं कासव. हात चालू असताना ती बोलत राहायची. ही बाटली टाकली तर कुठे जाते, नदीतून वाहत कुठवर पोचते, तिथल्या माशाचं काय होतं. मुलं तोंडात बोट घालून ऐकायची आणि घरी जाऊन आईबापांना दटावायची.

नवरा निवृत्त विजेचा मिस्त्री. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही की म्हणायचा, "अगं, उद्या मी निकामी झालो की मलाही रंग देऊन फुलदाणी करशील."

"आधी निकामी तर व्हा," ती म्हणायची. "तुमच्यावर रंग वाया कशाला घालवू?"

त्या शनिवारी मुलांनी घुबडं केली. अंग जुन्या मोज्याचं, पोटात चिंध्या, पंख दुधाच्या पिशवीचे. डोळ्यांसाठी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांच्या बायकोने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला होता. "बटणं आहेत, माझ्या सासूबाईंच्या वेळची. घेऊन जा." ताईने झाकण उघडलं, वरची रंगीबेरंगी बटणं पाहिली आणि डबा तसाच टेबलावर उपडा केला. बटणांबरोबर काही चपट्या, चकचकीत, रुपेरी चकत्याही सांडल्या. ताई तेव्हा एका मुलाच्या केसांत अडकलेली खळ सोडवत होती. तिने पाहिलंच नाही. मुलांची मात्र त्या चकत्यांवर झुंबड उडाली. घुबडाचे डोळे अंधारात चमकतात, हे त्यांना तिनेच सांगितलं होतं.

रविवारी जेवायच्या सुमारास घड्याळवाले स्वतः दारात आले. जिना धावत चढले असावेत, कारण त्यांना धाप लागली होती.

"ताई, तो डबा... आहे ना? तसाच आहे ना?"

"बटणांचा? काल वापरला की. का हो?"

ते उंबऱ्यावरच बसले. "तुम्हीच मला म्हणाला होता, घड्याळांचे संपलेले सेल कचऱ्यात टाकू नका, जमिनीत विष जातं, साठवून ठेवा. मी साठवत होतो. बटणांच्याच डब्यात, वेगळ्या पुडीत. हिला माहीत नव्हतं. पुडी फाटलेली असणार. ताई, ते पोरांनी तोंडात घातलं तर..."

"तर काय?"

"नुसतं घशात अडकून राहिलं तरी आतून जाळतं म्हणतात. निखाऱ्यासारखं."

नवऱ्याने तोवर स्कूटरची किल्ली घेतली होती. "उभी राहू नकोस. फोन लाव."

ती फोन लावत सुटली. पहिल्या घरी घुबडाला निळी बटणं होती. दुसऱ्या घरी दोन्ही डोळे रुपेरी निघाले, पण जागच्या जागी होते. "काढा ते, आत्ताच्या आत्ता काढा आणि वर ठेवा, विचारू नका का ते." एका आईने चिडून विचारलं, "असली वस्तू मुलांच्या हातात दिलीच कशी तुम्ही?" ताई म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण आधी काढा." कुठे एक सेल निघाला, कुठे एकही नाही. फक्त एका घरचा फोन वाजून वाजून बंद होत होता. ते काऊचं घर.

काऊ सात-आठ वर्षांची. कुठल्याही गोष्टीवर "का? का?" करायची म्हणून आजीने ठेवलेलं नाव. आणि काऊला दुडूदुडू चालायला लागलेला एक भाऊ होता. गोल गरगरीत म्हणून भोपळ्या. हाताला येईल ते तोंडात घालायचा.

काऊचं घर बाजारामागच्या इमारतीत, तळमजल्यावर. दोघं स्कूटरवरून पोचली तेव्हा दार उघडंच होतं. आत आजी भोपळ्याला मांडीवर घेऊन बसली होती, हातातल्या वाटीत कुस्करलेलं केळं. पोराच्या हनुवटीवरून लाळ गळत होती, झबल्याचा गळा चिंब. तो रडत होता, पण आवाज घोगरा, दबलेला.

"सकाळपासून असंच चाललंय," काऊची आई म्हणाली. थिएटरच्या तिकीट खिडकीवर ती काम करायची, दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत होती. "घसा धरलाय. डॉक्टरांनी औषध दिलंय. फोन आवाज बंद करून ठेवला होता, जरा झोपेल म्हणून. काय झालं ताई, तुम्ही अशा घाबऱ्याघुबऱ्या?"

ताईची नजर खिडकीकडे गेली. तिथे काऊचं घुबड बसलं होतं. एक डोळा रुपेरी. दुसऱ्याच्या जागी नुसता सुकलेल्या खळीचा डाग.

"काऊ, याचा दुसरा डोळा कुठे आहे?"

काऊ पलंगाच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. "हरवला. मी सकाळीच सांगितलं आईला, डोळा हरवला. ती म्हणाली, इथे बाळ आजारी आहे आणि तुला घुबडाचं पडलंय."

आजीने चमचा पुढे केला. "अहो, गिळलं असेल काही तर केळ्याच्या घासाबरोबर जाईल खाली. आमच्या वेळी नाणी गिळायची पोरं."

"आजी, नको!" ताईचा आवाज एवढा चढला की भोपळ्याही दचकला. "एक घासही देऊ नका. हे नाणं नाही. चला, आत्ता. मोठ्या दवाखान्यात."

"पण डॉक्टर म्हणाले घसा..."

"बाई, मी चुकत असेन तर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. पण चला."

आईने तिच्याकडे पाहिलं. पुढे कितीतरी दिवस ताईला ती नजर आठवत राहिली. मग आईने पोराला उचललं. ताईने घुबड उचललं. स्कूटर ठेवून सगळे रिक्षात बसले. सिग्नलला रिक्षा थांबली की आई बाळाच्या छातीला कान लावायची.

दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर बरीच रांग होती. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "नंबर येईल तसं बोलावू." ताई रांग ओलांडून थेट आत शिरली. मागून कुणीतरी ओरडलं. डॉक्टरीण तरुण होती, कुणाच्या तरी हाताला पट्टी बांधत होती.

"बाई, नंबर..."

ताईने ते एकाक्ष घुबड तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. "याचा दुसरा डोळा बाळाने गिळलाय. घड्याळाचा सेल आहे."

डॉक्टरणीने रुपेरी डोळ्याला बोट लावून पाहिलं आणि पट्टी तशीच सहकाऱ्याच्या हातात दिली. "बाळ कुठे आहे?"

त्यानंतर सगळं भराभर झालं. क्ष-किरणाचं चित्र आलं. छातीच्या वरच्या भागात एक गोल पांढरी चकती, कडेला एकात एक अशी दोन वर्तुळं. "नाणं असतं तर एकच कड दिसली असती," डॉक्टरीण म्हणाली. "अन्ननलिकेत अडकलाय. भूल देऊन दुर्बिणीने काढावा लागेल. आत किती भाजलंय ते काढल्यावर कळेल." आईने सही केली. पोराला तिच्या कुशीतून घेतलं तेव्हा तो रडलाही नाही, एवढा थकला होता. दार बंद झालं.

काऊचा बाप गॅरेजमधून तसाच आला. हात काळे, कपड्यांना तेलाचा वास. बायकोने काय झालं ते सांगितलं. तो सरळ ताईसमोर येऊन उभा राहिला.

"तुमचा कचरा तुमच्या घरात ठेवा ना! गावाचा उकिरडा गोळा करायचा आणि आमच्या पोरांच्या हातात द्यायचा. कशासाठी? पृथ्वी वाचवायला? माझं पोर आत आहे!"

नवरा मध्ये पडायला उठला. ताईने त्याला हाताने खाली बसवलं. तिला सांगता आलं असतं की डबा दुसऱ्याने दिला, पुडी आधीच फाटली होती, झाकणाखाली काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "डबा मी उपडा केला. बघायला मी हवं होतं."

बाप आणखी काही बोलणार होता, पण त्याला रडू फुटलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दार उघडलं तेव्हा सगळेच एकदम उठले. डॉक्टरणीच्या हातात छोटी बाटली होती, तळाशी काळवंडलेली चकती. "निघाला. भाजलंय, पण आरपार नाही. सेल बराच संपलेला होता आणि तुम्ही वेळेत आणलंत. तरी काही दिवस तोंडाने काही द्यायचं नाही. नळीने दूध जाईल. जखम भरते की फुटते, ते बघावं लागेल. आत्ताच काही सांगत नाही."

ते दिवस लांबले. वाचनालयाच्या मंडळाने मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि ताईने आपल्याजवळची किल्लीही मंडळाला देऊन टाकली. गॅलरीतली हाक थांबली. घड्याळवाले रोज संध्याकाळी येऊन बसायचे, "चूक माझी" म्हणायचे. शेवटी एकदा ती म्हणाली, "काका, दोष काय ओझं आहे का, दोघांनी धरलं की हलकं होईल? तुमच्याकडेही तेवढाच राहील, माझ्याकडेही तेवढाच. चहा घ्या."

दवाखान्यात ती रोज जायची. बाप तिला पाहिलं की बाहेर निघून जायचा. आई जागा सरकवून द्यायची, बोलायची नाही. पण ताईला खरी काळजी लागली ती काऊची. ती पोर कॉटच्या पायथ्याशी बसून असायची आणि काही विचारत नव्हती. नळी का? सुई का? बाळ सारखं का झोपतंय? काहीच नाही. परिचारिका म्हणाली, "किती शहाणी आहे हो मुलगी, जराही त्रास नाही."

एका दुपारी आई चहाला गेली तेव्हा ताई काऊच्या शेजारी जमिनीवर बसली.

"काऊ, घुबड तू केलंस. सेल मी दिला. तुझं काही चुकलं नाही, कळलं?"

काऊ बराच वेळ चपलेचा पट्टा ओढत राहिली. मग एकदम मान वर करून म्हणाली, "मग तुम्ही का नाही बघितलं?"

हा प्रश्न बापाने विचारला नव्हता, आईने नाही, मंडळानेही नाही. ताईने खोटं सांगायचं नाही असं ठरवलं. "घाई झाली होती. आणि कुणी काही फुकट दिलं की मला इतका आनंद होतो की ते चांगलंच असणार असं मी धरून चालते. ते चूक आहे. वस्तू टाकायची नाही म्हणजे डोळे मिटून घ्यायची असं नाही."

"मग आता तुम्ही सगळं टाकून देणार?"

ताईने तिच्या चपलेचा सुटलेला पट्टा लावून दिला. काऊ तिच्याकडे बघतच राहिली. मग ती रडायला लागली, मोठ्याने, नाक पुसत. भोपळ्या जागा झाला आणि बहीण रडतेय म्हणून तोही रडला. आवाज अजून घोगरा होता, पण भरघोस होता. दारातून धावत आलेल्या आईला कळेना की घाबरावं की हसावं.

जखम भरली. नळी निघाली. पहिला दुधाचा घोट भोपळ्याने तोंड वाकडं करून घेतला आणि गिळला. खोलीतल्या प्रत्येकाचे डोळे त्याच्या गळ्यावर होते. अजून कितीतरी महिने तपासणीला न्यावं लागणार होतं, अन्ननलिका आक्रसते का ते पाहायला. पण पोर घरी आलं.

मागच्या खोलीचं कुलूप पुष्कळ दिवसांनी निघालं, तेही मंडळाच्या बैठकीत बराच वाद होऊन. काही घरांनी मुलं पाठवली नाहीत ती नाहीतच, आणि ताईने कुणाला आग्रह केला नाही. पहिल्या शनिवारी तिने कात्री, खळ, रंग काही काढलं नाही. आलेली प्रत्येक पिशवी जमिनीवर जुन्या चादरीवर रिकामी केली आणि मुलांना सांगितलं, "आज काही करायचं नाही. आज नुसतं बघायचं. यात काय धारदार आहे, कशात काय भरलेलं होतं, काय आपल्या खोलीत राहायचं आणि काय नाही." घड्याळवाल्यांनी दुकानात काउंटरच्या मागे, उंचावर, कुलपाचा डबा ठोकून घेतला होता. सेल तिथे जायचे.

मुलं चादरीभोवती उकिडवी बसली असतानाच काऊचा बाप दारात आला. काऊचं बोट धरलेलं. ताई उठून उभी राहिली. तो तिच्याशी बोलला नाही. गॅरेजमधून आणलेलं, पंजाएवढं जाड लोहचुंबक त्याने खिशातून काढलं, मुलांच्या मधोमध बसला आणि बटणांच्या ढिगावरून ते हळूहळू फिरवलं. दोन टाचण्या, एक स्क्रू आणि एका जुन्या पट्ट्याचं बक्कल टकटक करत चिकटलं. पोरं ओरडली, "परत, परत!"

"प्लॅस्टिकचं बटण चिकटत नाही," तो मुलांना म्हणाला, ताईकडे न बघता. "सेल चिकटतो. आधी हे फिरवायचं, मगच हात लावायचा. आणि घुबडाला डोळे शिवायचे. चिकटवायचे नाहीत."

"सुई टोचेल की," एक मुलगा म्हणाला.

"टोचली तर कळतं तरी."

तो मग दर शनिवारी आला असं नाही. पण ज्या शनिवारी गॅरेजला सुट्टी असायची, त्या दिवशी दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसायचा. आत येणारी प्रत्येक पिशवी आधी त्याच्या हाताखालून जायची. ताईशी त्याचं बोलणं "हे ठेवा", "हे नको" एवढ्यावरच थांबलं, आणि ताईनेही ते वाढवायचा प्रयत्न केला नाही. एकदा त्याने तिने फार जपून ठेवलेली एक सुरेख निळी बाटली उजेडात धरली, आतला उग्र वास घेतला आणि बाजूला काढली. ताईने हळहळत ती उचलली, दोनदा उलटसुलट पाहिली आणि आपल्याच हाताने बाहेरच्या पिंपात टाकून आली.